लाकूड, आम्ल, कात्री: १९०५ ते १९३७ ची जर्मन चित्रकला

शाईचा_डाग

जर्मन एक्स्प्रेशनिझम म्हटलं की आपल्याला आठवतात भडक तैलचित्रं. हिरवे चेहरे, गुलाबी रस्ते, वाकड्या इमारती. चित्रं चांगलीच आहेत, पण माझ्या मते या मंडळींचं खरं काम कॅनव्हासवर नाही, कागदावर आहे. वुडकट (लाकडावर कोरून छापलेलं), एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने खोदून छापलेलं), लिथो (दगडावर काढून छापलेलं), नंतर कापाकापीची फोटोचित्रं. समाज जसजसा बदलला तसतसं माध्यम बदलत गेलं, आणि ते पाहिलं की बाकीचा इतिहास आपोआप उलगडतो. म्हणून हा धागा.

सुरुवात ड्रेस्डेनपासून. ७ जून १९०५ ला तिथल्या तांत्रिक महाविद्यालयातल्या चार पोरांनी 'डी ब्र्युक', म्हणजे 'पूल', हा गट काढला. एर्न्स्ट लुडविग किर्खनर, एरिख हेकेल, कार्ल श्मिट-रोटलुफ आणि फ्रिट्झ ब्लायल. चौघंही आर्किटेक्चरचे विद्यार्थी. रंगकामाचं रीतसर शिक्षण जवळपास नाहीच. फ्रिडरिखश्टाट या कामगारवस्तीत हेकेलने एक बंद पडलेलं खाटकाचं दुकान भाड्याने घेतलं आणि तिथे स्टुडिओ थाटला. पहिलं प्रदर्शन १९०६ मध्ये, तेही दिव्यांच्या कारखान्याच्या शोरूममध्ये. छताला दिवे लटकलेले आणि भिंतीवर चित्रं.

आता लाकूडच का? एकोणिसाव्या शतकात मासिकांतली चित्रं लाकडावर कोरूनच छापत. हे कोरणारे कारागीर दुसऱ्याच्या चित्राची हुबेहूब नक्कल करत, राखाडी छटासुद्धा बारीक रेघांनी उतरवत. १८८२ मध्ये म्युनिकच्या गेओर्ग माइझेनबाखने हाफटोनचं पेटंट घेतलं, फोटो थेट ठिपक्यांत छापता येऊ लागला, आणि तो धंदा हळूहळू बसला. नकलेचं ओझं उतरल्यावर लाकूड मोकळं झालं. नॉर्वेच्या मुंखने ते आधीच हेरलं होतं, फ्रान्सच्या गोगँनेही. ड्रेस्डेनच्या पोरांनी त्याच्या पुढची पायरी गाठली: सुरी लाकडात अडते, फाटते, ते लपवायचं नाही.

पैशांची सोयही कागदावरच होती. वर्षाला १२ मार्क देणाऱ्याला 'निष्क्रिय सभासद' करून घ्यायचे आणि दरवर्षी मूळ ठशांची एक मॅप, म्हणजे कागदी पाकिटातला संच, पाठवायचे. १९०६ ते १९१२ हे चाललं. गॅलरीवाला नाही, अकादमी नाही, थेट वर्गणीदार.

जाणकारांनी भर घालावी.

दुर्गी

धागा छान. पण 'कामगारवस्तीत स्टुडिओ' या वाक्यावर फार भाळू नका. वर्गणीदार कोण होते ते पाहा. हॅम्बुर्गचे न्यायाधीश गुस्टाफ शीफ्लर, कला-इतिहासकार रोझा शापिरं, वकील, डॉक्टर, प्राध्यापक. खाटकाच्या दुकानाशेजारच्या घरांतून १२ मार्क येत नव्हते. १९१० च्या आसपास सगळे मिळून सत्तरच्या आत सभासद. ही जनतेची कला नव्हे, शिकलेल्या मध्यमवर्गातल्या एका बंडखोर कोपऱ्याची कला होती. तसं म्हटल्याने ती कमअस्सल ठरत नाही.

दुसरं, फ्रेंझी. ब्र्युकच्या चित्रांत वारंवार दिसणारी ती मुलगी १९०० सालची. त्यांच्यासाठी बसू लागली तेव्हा आठ-नऊ वर्षांची. 'निसर्गाकडे परत', 'नागर ढोंगाविरुद्ध बंड' असं कितीही म्हटलं तरी आज संग्रहालयांना त्या चित्रांशेजारी तिचं वय लिहावं लागतं, आणि ते योग्यच आहे. तेच 'आदिम' कलेच्या ओढीबद्दल. ड्रेस्डेनच्या वांशिक संग्रहालयात पलाऊ बेटांवरच्या कोरलेल्या, रंगवलेल्या तुळया होत्या, त्या पाहून ही मंडळी भारावली. आणि पलाऊ तेव्हा जर्मन वसाहत होती, हे विसरू नका. गटात नंतर आलेला पेखस्टाइन १९१४ मध्ये तिथे जाऊनही आला.

शाईचा_डाग

दोन्ही मुद्दे मान्य. वर्गणीदारांबद्दल एवढंच: संख्या लहान होती म्हणूनच हाताने छापणं परवडलं. सत्तर प्रती हाताने निघतात, सातशे निघत नाहीत.

उगाचच

हाताने छापणं म्हणजे नेमकं काय करायचे? प्रेस नव्हता का? आणि फ्रेंझीच्या त्या लाल-काळ्या चित्रात दोन रंग असून कडा एकमेकांवर जराही चढत नाहीत, ते कसं?

पेन्सिलवाला

शेवटच्या प्रश्नापासून. हेकेलचं १९१० चं 'पहुडलेली फ्रेंझी' हे एकाच फळीचं काम आहे. फळी कोरून झाली की बारीक पात्याच्या करवतीने आकृतीच्या कडेने कापून तिचे तुकडे करायचे. एका तुकड्याला लाल शाई, दुसऱ्याला काळी, मग कोड्यासारखे परत जुळवायचे आणि एकदाच छापायचं. युक्ती मुंखची. दोन फळ्या एकावर एक छापताना कागद अर्धा मिलिमीटर जरी सरकला तरी कडेला घाण होते, इथे तो प्रश्नच येत नाही. पण करवतीचं पातं लाकूड खातं, म्हणून दोन रंगांच्या मध्ये साधारण मिलिमीटरभर पांढरी फट राहते. ती फट हीच ओळखीची खूण. छापील पुस्तकात ती पांढरी बाह्यरेषा वाटते, प्रत्यक्षात ती करवतीची वाट आहे.

आता छपाई. प्रेस कधी असायचा, कधी नसायचा, पण बरंच काम हाताने घासून झालेलं आहे. करून बघायचं असेल तर क्रम असा:

फळी झाड उभं चिरून काढलेली हवी, म्हणजे रेषा फळीच्या लांबीने धावतात. जुने मासिकवाले आडव्या कापाचं बॉक्सवूड वापरत, त्यात रेषा नसतात म्हणून केसाएवढं बारीक काम होतं. ब्र्युकला नेमकी ती रेषा हवी होती. आपल्याकडे शिवण उत्तम. पांगारा फारच मऊ, खेळण्यांना ठीक, इथे कड दबते. सागवान तेलकट आणि ठिसूळ, बारीक कड उडते. शिकायला ६ मिमीचं चांगलं प्लाय पुरे, फक्त वरचा थर जाड असलेलं घ्या, नाहीतर पटाशी खालच्या आडव्या थरात जाऊन अडते.

फळीवर आधी पातळ काळी शाई फिरवून ती वाळू द्या. मग कोरलेलं तेवढं पांढरट दिसतं आणि चित्र डोळ्यांसमोर तयार होत जातं. चित्र उलटं, अक्षरं असली तर तीही उलटी. सुरीचा काप रेषेपासून बाहेरच्या बाजूला उतरता हवा, म्हणजे रेषेचा पाया रुंद राहतो. आत उतरता घेतला तर रेषा वर रुंद, खाली अरुंद होते आणि दहाव्या-बाराव्या छापाला मोडते. नव्वद टक्के नवशिके इथेच फसतात. मधला भाग वीच्या आकाराच्या किंवा गोल पटाशीने काढायचा. अरुंद जागी २ मिमी खोली पुरते. मोठी मोकळी जागा ४-५ मिमी खोल हवी, कारण रूळ तिथे झुकतो आणि तळाला शाई लागते. असे चुकून उठलेले फटकारे व्यावसायिक कारागीर साफ करायचा. किर्खनर ते ठेवायचा, आणि पार्श्वभूमी त्यांनीच थरथरते.

शाई तेलाची, घट्ट. काचेवर रुळाने पसरवताना चिकट, बारीक 'चर्र' असा आवाज आला की बरोबर. पचपच आवाज आला तर शाई जास्त. ए-फोर आकाराच्या फळीला पहिल्या वेळी चहाचा अर्धा चमचा, पुढे त्याहून कमी. एक जाड थर देण्यापेक्षा तीन पातळ थर, आडवे-उभे फिरवून. कोरी फळी तेल पिते, म्हणून पहिले तीन-चार छाप फिके येणारच, घाबरून शाई वाढवू नका. वाढवली की पाचव्या छापाला बारीक फटी भरतात.

कागद पातळ आणि शोषणारा. किर्खनरने टीपकागदावरही छापलं आहे. कागद ठेवला की स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मधून बाहेर घासत जायचं, ए-फोरला दहा-पंधरा मिनिटं. एका कोपऱ्यावर वजन ठेवून दुसरा उचलून बघायचा, फिका असला तर परत घासायचा. दाब एकसारखा नसतो म्हणून काळ्यात ढगाळपणा येतो, आणि दोन प्रती कधी सारख्या निघत नाहीत.

फळी पाण्याने पुसू नका. एका बाजूने ओली झाली की वाकते, मग मधला भाग कागदाला टेकतच नाही. रॉकेल आणि फडकं.

उगाचच

सविस्तर उत्तराबद्दल धन्यवाद. लिनोकट आणि वुडकट छापावरून ओळखता येतात का?

पेन्सिलवाला

बहुतेक वेळा. लिनोला रेषा नसते, त्यामुळे सुरी कुठल्याही दिशेला सारखीच जाते आणि वळणं लोण्यासारखी येतात. लाकडात रेषेच्या आडवं गेलं की कड किंचित कुसळते. लहान गोल, डोळ्याची बाहुली किंवा नाकपुडी, भिंगातून बघा. तिथे कोपरे दिसले तर लाकूड. नुसता काळ्या भागात लाकडाचा पोत शोधायला जाऊ नका. पाइनमध्ये तो दिसतो, नाशपातीच्या लाकडात जवळपास दिसत नाही.

रंगपेटी

'ब्लाउए रायटर' हा दुसरा एक्स्प्रेशनिस्ट गट कुठे गेला या धाग्यात? म्युनिक, १९११, कांडिन्स्की आणि फ्रान्झ मार्क?

शाईचा_डाग

थोडक्यात: त्यांना आयुष्यच कमी मिळालं. १९१४ ला युद्ध सुरू झालं, कांडिन्स्की रशियन म्हणून त्याला देश सोडावा लागला. आउगुस्ट माकं त्याच वर्षी सप्टेंबरात मारला गेला, मार्क ४ मार्च १९१६ ला व्हेर्डनजवळ. मार्कचा 'निळ्या घोड्यांचा मनोरा' नाझींच्या १९३७ च्या बदनामीच्या प्रदर्शनात लावला होता, तेव्हा माजी सैनिक अधिकाऱ्यांच्या संघटनेनेच तक्रार केली, की हा माणूस देशासाठी पडला, त्याला इथे कसं टांगता? चित्र काढलं, पुढे ते नाझी मंत्री ग्योरिंगकडे गेलं, आणि १९४५ नंतर बेपत्ता आहे.

ब्र्युक तोवर बर्लिनला येऊन मोडलंही होतं. १९११ मध्ये आले, १९१३ मध्ये गट संपला. निमित्त किर्खनरने लिहिलेला गटाचा इतिहास, त्यात त्याने स्वतःला जरा जास्तच पुढे ठेवलं होतं. पण बर्लिनने त्याच्या रेषेचं जे केलं ते पाहण्यासारखं आहे. १८७१ मध्ये सव्वाआठ लाखांचं हे शहर १९१० पर्यंत वीस लाखांच्या वर गेलं होतं. ड्रेस्डेनच्या तळ्याकाठची गोल शरीरं जाऊन टोकदार माणसं आली. फुटपाथवरच्या पिसांच्या टोप्या घातलेल्या बायका, त्यांच्याकडे न बघितल्यासारखं करणारे पुरुष, आणि कुणाच्याच पायाखाली जमीन सपाट नाही.

१९१५ मध्ये किर्खनर सैन्यात भरती झाला, आणि मन ढासळल्यामुळे त्याच वर्षी बाहेर आला. त्याचं 'सैनिक म्हणून स्वतःचं चित्र' त्याच वर्षीचं. गणवेश, ओठात सिगारेट, आणि उजव्या हाताचा पंजाच तुटलेला. त्याचा हात प्रत्यक्षात शाबूत होता.

आणि आता ज्यांच्यासाठी हा धागा काढला त्या केटे कोल्विट्स. त्या ब्र्युकच्या नव्हेत, वयानेही मोठ्या. आयुष्यभर एचिंग आणि लिथो केलेली बाई. ऑक्टोबर १९१४ मध्ये धाकटा मुलगा पेटर फ्लँडर्सला मारला गेला. १५ जानेवारी १९१९ ला कम्युनिस्ट पुढारी कार्ल लिबक्नेख्टचा खून झाला. घरच्यांच्या विनंतीवरून त्यांनी शवागारात त्याचं रेखाटन केलं. त्या त्याच्या पक्षाच्या नव्हत्या, हे महत्त्वाचं. मग त्या रेखाटनाचं एचिंग केलं, नाही जमलं. लिथो केला, मनासारखा नाही झाला. १९२० मध्ये बर्लिनच्या एका प्रदर्शनात एर्न्स्ट बार्लाखचे वुडकट पाहिले आणि लाकूड हातात घेतलं, वयाच्या ५३ व्या वर्षी.

लाकडातलं ते चित्र जवळून बघा. खाली आडवं प्रेत, पांढऱ्या चादरीत. वर गर्दी करून वाकलेले कामगार. चेहऱ्यांवर उजेड सुरीच्या लहान लहान फटक्यांनी कोरलेला, प्रत्येक फटका सुटा मोजता येतो. मध्यभागी एक माणूस इतका वाकलाय की त्याचा मोठा पंजा थेट चादरीवर टेकलाय. त्या हातावर जेवढं कोरीवकाम आहे तेवढं लिबक्नेख्टच्या चेहऱ्यावरही नाही. चित्र मेलेल्याचं नाहीच, निरोप द्यायला आलेल्यांचं आहे. खाली ओळ: 'जिवंतांकडून मृताला'.

एचिंगमध्ये हेच का जमलं नसावं? एचिंगला मधल्या छटा येतात, आणि मधल्या छटा आल्या की दुःख मऊ होतं. लाकडात काळं किंवा पांढरं, तिसरं काही नाही. हा माझा तर्क, पण त्यानंतरची 'युद्ध' ही सात वुडकटची मालिका पाहिली तर पटेल. त्यात रणांगण नावालाही नाही. बळी, स्वयंसेवक, आईबाप, दोन विधवा, आया, जनता. बस.

दुर्गी

कोल्विट्सबद्दल एक पुरवणी. १९१९ मध्ये प्रशियाच्या कला अकादमीवर निवडून आलेली ती पहिली स्त्री. त्याच वर्षी १९ जानेवारीला जर्मन स्त्रियांनी पहिल्यांदा राष्ट्रीय निवडणुकीत मत दिलं, लिबक्नेख्टच्या खुनानंतर चारच दिवसांनी. १९३३ मध्ये अकादमीतून तिला बाहेर पडावं लागलं. आणि जिथे हजारोंनी प्रती हव्या होत्या तिथे तिने लाकूड वापरलंच नाही. १९२३ चं 'जर्मनीची मुलं उपाशी आहेत', १९२४ चं 'पुन्हा युद्ध नको', ही पोस्टरं लिथो आहेत. दगडावर चरबीयुक्त खडूने सरळ चित्र काढायचं, यंत्रावर छापायचं. शोक लाकडात आणि आवाहन दगडावर, अशी तिने वाटणीच केली होती म्हणा ना.

रंगपेटी

आता कात्रीवाल्यांकडे या. हाना ह्योख १९१६ ते १९२६ बर्लिनच्या उल्श्टाइन या बड्या प्रकाशनगृहात नोकरीला होती. काम काय, तर बायकांच्या मासिकांसाठी विणकाम-भरतकामाचे नमुने काढणं. म्हणजे सचित्र साप्ताहिकांचे गठ्ठे हाताशी आणि कात्री चालवायची रोजची सवय. १९१९ चं तिचं 'स्वयंपाकघरातल्या सुरीने काप' हे चित्र ११४ बाय ९० सेंटिमीटरचं आहे, पुस्तकात पोस्टकार्डाएवढं बघून काही कळत नाही. वरच्या उजव्या कोपऱ्यात कैसर आणि सेनापती, खालच्या बाजूला दादावाले ('दादा' म्हणजे रूढ कलेचीच टर उडवणारी चळवळ), मध्ये नर्तकीचं धड आणि त्याच्यावर तरंगणारं केटे कोल्विट्सचं मुंडकं. उजव्या खालच्या कोपऱ्यात युरोपचा एक छोटा नकाशा चिकटवलाय: कुठल्या देशांत बायकांना मत आहे त्याचा. तो तिथेच आहे जिथे चित्रकार सही करतो.

नेमकी पंचाईत कुठे होते तेही सांगते. हे सगळं वर्तमानपत्री कागदावर. त्या कागदात लाकडाचा लगदा न धुता वापरलेला असतो, त्यातलं लिग्निन उजेडात पिवळं पडतं आणि कागद ठिसूळ होतो. वेगवेगळ्या मासिकांचे तुकडे वेगवेगळ्या वेगाने पिवळे पडतात, म्हणून मुळात एकसारखे राखाडी असलेले तुकडे आज वेगळ्या रंगांचे वाटतात. 'काय सुंदर तपकिरी छटा वापरल्या आहेत' असं कुणी म्हणालं तर हसू नका, पण विश्वासही ठेवू नका.

१९२० च्या उन्हाळ्यात बर्लिनला दादा-मेळा भरला. छताला डुकराच्या तोंडाचा, लष्करी गणवेशातला पुतळा टांगलेला. गेओर्ग ग्रोसच्या 'देव आमच्यासोबत' या मॅपवर सैन्याच्या बदनामीचा खटला होऊन त्याला ३०० मार्क दंड झाला. हे वाक्य प्रशियन सैनिकाच्या पट्ट्याच्या बकलावर कोरलेलं असे, म्हणून एवढी चीड.

जॉन हार्टफील्ड वेगळा. त्याने कापलेलं कधीच मूळ चित्र म्हणून टांगायचं नव्हतं. फोटो मुद्दाम काढून घ्यायचा, कापायचा, जोडायचा, सांधे रंगाच्या फवाऱ्याने मिटवायचे, मग सगळ्याचा परत एक फोटो. तो तांब्याच्या सिलिंडरवर कोरून 'एआयझेड' या कामगार साप्ताहिकात छापला जायचा. ह्योखचे सांधे दिसायलाच हवेत, हार्टफील्डचे दिसता कामा नयेत. १९३२ मध्ये त्याने हिटलरच्या छातीचा एक्स-रे दाखवला, पाठीच्या कण्याच्या जागी नाण्यांची चळत. सांधा दिसला असता तर विनोद तिथेच मेला असता. माझ्या मते दुर्गीच्या 'जनतेची कला' या मुद्द्याला पहिलं खरं उत्तर इथे आहे. १९३३ मध्ये तो प्रागला पळाला.

पेन्सिलवाला

आम्ल राहिलं. ओटो डिक्सची 'युद्ध' ही १९२४ ची एचिंगची मालिका: ५० चित्रं, दहा-दहाचे पाच संच, ७० प्रती. माणूस स्वतः मशिनगनवर होता.

त्यात अ‍ॅक्वाटिंट भरपूर आहे. पत्र्यावर राळेची बारीक भुकटी पाडायची, खालून ऊब द्यायची, कण वितळून चिकटले की पत्रा आम्लात. कणांच्या मधला धातू खाल्ला जातो, तिथे शाई बसते आणि सलग करडी छटा मिळते. काही सेकंदांत फिकी, काही मिनिटांत गडद. त्याहून जास्त ठेवलं तर राळेचे कण खालून पोखरले जाऊन सुटतात, छटा फाटते, डाग पडतात. शाळेत याला चूक म्हणतात. डिक्सने सडलेलं मांस, चिखल, खंदकाची भिंत याच चुकीतून काढली आहे. आम्ल धातूला जे करतं तेच वेळ शरीराला करतो, इतका साधा मेळ. शिवाय ड्रायपॉइंट: सुईने थेट ओरखडा काढायचा, कडेला धातूचा भुसा उभा राहतो, तो शाई धरतो म्हणून रेषा मखमली येते. पण प्रेसच्या दाबाने हा भुसा काही डझन छापांतच बसतो. पत्र्यावर पोलादाचा पातळ थर चढवला तर जास्त टिकतो.

उगाचच

हे सगळं विकत कोण घेत होतं? १९२३ मध्ये तर म्हणे पोत्याने नोटा लागत.

शाईचा_डाग

आणि म्हणूनच घेत होते! पगार दुपारपर्यंत अर्धा होत असेल तर शहाणा माणूस नोटांच्या जागी वस्तू घेतो: पियानो, गालिचा, ठशांचा संच. चलनवाढीच्या वर्षांत अशा मॅपांचा धंदा फुगला. नोव्हेंबर १९२३ मध्ये बर्लिनला पाव सुमारे २०,००० कोटी मार्कांना होता आणि डॉलर ४ लाख २० हजार कोटींना. त्याच महिन्यात रेंटेनमार्क आला, पैसा स्थिर झाला, आणि ठशांचा बाजार खाली आला.

बाउहाउस या जर्मन कलाशाळेचा धागाही इथेच जुळतो. १९१९ च्या जाहीरनाम्यावर फाइनिंगरचा 'कॅथीड्रल' हा वुडकट होता, अगदी एक्स्प्रेशनिस्ट. चार वर्षांनी तिथलाच विद्यार्थी हेर्बेर्ट बायर थुरिंगियाच्या सरकारी बँकेसाठी दहा लाख, वीस लाख मार्कांच्या नोटा आखत होता: नुसती अक्षरं, पट्ट्या, आकडे, सजावट शून्य. घाईत छापायचं तर नक्षी परवडत नाही. बाउहाउसची ती कोरडी, सरळ शैली फक्त तत्त्वज्ञानातून आली असं मानणाऱ्यांनी त्या नोटा बघाव्यात. १९२५ ला मानहाइमच्या प्रदर्शनाने 'नवी वस्तुनिष्ठता' हे नाव रूढ केलं तेव्हा डिक्सही तिथे होता, जुन्या जर्मन चित्रकारांसारखे टेंपेरावर तेलाचे पारदर्शक थर चढवत.

दुर्गी

त्या नोटांचा सूड १९३७ ला उगवला. १९ जुलैला म्युनिकमध्ये 'विकृत कला' प्रदर्शन उघडलं. सुमारे ६५० कामं, ३२ संग्रहालयांतून उचललेली, प्रवेश फुकट. आदल्याच दिवशी हिटलरने नव्या इमारतीत 'थोर जर्मन कला' सुरू केली होती. विकृत कला बघायला वीस लाखांवर लोक आले, थोर कलेला त्याहून कितीतरी कमी.

मांडणी पाहा. अरुंद खोल्या, चित्रं दाटीवाटीने, काही तिरकी, भिंतीवर टोमणे. बऱ्याच चित्रांखाली संग्रहालयाने मोजलेली किंमत, आणि 'कष्टकरी जनतेच्या करातून' अशी चिठ्ठी. किमतीतल्या कित्येक चलनवाढीच्या काळातल्या कागदी मार्कांत होत्या, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे पावाच्या भावात घेतलेलं चित्र प्रेक्षकाला लाखो मार्कांची उधळपट्टी वाटावं. प्रचारातली यापेक्षा स्वस्त युक्ती शोधून सापडणार नाही.

किर्खनरची ६३९ कामं जप्त झाली. १५ जून १९३८ ला त्याने दावोसजवळ स्वतःवर गोळी झाडली.

पण सगळ्यांना एकाच पंक्तीत हुतात्मा म्हणून बसवू नका. सर्वांत जास्त, १०५२ कामं जप्त झाली एमिल नोल्डंची, आणि हा गृहस्थ नाझी पक्षाचा सभासद होता, ज्यूद्वेष्टा होता आणि आपण खरे जर्मन चित्रकार आहोत हे पटवायला गोबेल्सला पत्रं लिहीत होता. १९४१ मध्ये व्यवसायबंदी आली, त्यातून युद्धानंतर 'चोरून चित्रं काढणारा छळलेला कलावंत' ही दंतकथा शिजली. २०१९ च्या बर्लिनच्या प्रदर्शनाने ती कागदपत्रांसह मोडली, आणि तेव्हाच्या चॅन्सेलर मेर्केलबाईंनी आपल्या कार्यालयातून त्याची चित्रं उतरवली.

रंगपेटी

नोल्डंची जलरंगातली फुलं आता पूर्वीसारखी बघता येत नाहीत, हे खरं. रंग मात्र अजूनही तसेच ओले दिसतात.

यातले काही मुंबईला आले ना? की ते वेगळे?

शाईचा_डाग

चित्रं काढणारे थोडे, बघायला शिकवणारे जास्त. बर्लिनचा रूडॉल्फ फॉन लायडन १९३३ ला आला. शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ, इथे टाइम्समध्ये कलासमीक्षा. वॉल्टर लँगहॅमर १९३८ चा, मूळ ऑस्ट्रियाचा, तोही टाइम्समध्ये कला-संचालक. श्लेझिंगर व्हिएन्नाचा, तो संग्राहक. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह गट १९४७ मध्ये उभा राहिला, त्याला पाठीशी ही तीन माणसं होती. त्याआधी डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्याला बाउहाउसची कामं येऊन गेली, क्ले, कांडिन्स्की, फाइनिंगर, बहुतेक सगळी कागदावरची. ती बोटीने पाठवायला सोपी.

पण त्याच्याही आधी उलटा प्रवास झाला होता, आणि तो आपल्याच मुलुखातून. जेजे स्कूलचे प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते. लंडनला पाठवलेल्या नकलांपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. उरल्यासुरल्यांवरून १८९६-९७ मध्ये दोन थोरले खंड निघाले, रंगीत लिथोसह. ते ड्रेस्डेनच्या ग्रंथालयात होते. किर्खनरने तिथे ते पाहिले, त्यांवरून रेखाटनं केली, आणि सपाट असूनही भरीव दिसणारं शरीर कसं काढायचं ते अजिंठ्याकडून घेतलं. १९११ चं त्याचं 'तळ्याकाठच्या पाच स्नान करणाऱ्या' काढून बघा. मांड्यांच्या आणि पोटाच्या कडेला गडद पट्टा, मध्ये उजेड, सावली कुठल्याही एका दिव्याची नाही.

पेन्सिलवाला

बरोबर, ती 'वर्तना', म्हणजे छटेने उठाव देण्याची जुनी भारतीय पद्धत. कडेला दाबून मध्ये सोडायचं. ब्रशने ते जमतं, लाकडात जमत नाही, म्हणून त्याच्या वुडकटमध्ये अजिंठा शोधायला जाऊ नका, चित्रांतच सापडेल.

आणि ग्रिफिथ्सच्या कामाची दुसरी बाजू: नकला नीट दिसाव्यात म्हणून भिंतीवरच्या मूळ चित्रांना वॉर्निश फासलं होतं. ते पुढे पिवळं पडलं, चित्रं काळवंडली, आणि १९२० च्या सुमारास निजामाने इटलीहून जीर्णोद्धारवाले आणले तर त्यांनी वर शेलॅक, म्हणजे लाखेचं वॉर्निश, चढवलं. तेव्हा किर्खनरने ग्रंथालयात बसून जे रंग पाहिले ते लेण्यात जाऊन पाहिले असते तर त्याला तसे दिसले नसते.